शौचकूप आणि घरातील धाकटे माणूस

शौचकूपांची गणती करताना आपण घरे मोजतो, माणसे मोजत नाही. एखाद्या गावाच्या दफ्तरात अमुक इतक्या कुटुंबांकडे संडास असल्याची नोंद झाली, तिच्याखाली ग्रामसेवकाची सही झाली आणि पंचायतीचा शिक्का उमटला, म्हणजे त्या कुटुंबांतील प्रत्येक लहानथोराचा मल त्या त्या संडासातच जाऊन पडतो, असे आपण मोठ्या विश्वासाने धरून चालतो; परंतु ज्या घरापुरती ही नोंद खरी आहे त्याच घराच्या ओसरीवर दीड-दोन वर्षांचे मूल खेळत असेल, तर त्याचा मल कोठे जातो, हा प्रश्न पाहणीला आलेला कारकून सहसा विचारीत नाही, आणि विचारलाच तर घरातील माणसे किंचित हसून, ‘ते काय, लहान आहे अजून,’ असे उत्तर देतात. त्या उत्तरात लपवाछपवी नसते. मुलाचा मल हा मोजण्याजोगा, भिण्याजोगा किंवा संडासापर्यंत नेण्याजोगा पदार्थच नव्हे, ही आपल्या समाजाची जुनी आणि निष्कपट समजूत त्यातून बोलत असते. आणि ती समजूत जोवर टिकून आहे, तोवर पक्क्या बांधणीचा संडास दारात असूनही घराची स्वच्छता अपुरीच राहते.

व्यवहारात घडते ते असे. तान्ह्या मुलाची बाळोती मोरीत खळबळून काढली जातात आणि ते पाणी, भांडी घासल्याच्या पाण्याबरोबर, परसातल्या केळीच्या आळ्यात किंवा दारापुढच्या उघड्या गटारात जाते. जरा मोठ्या मुलाला आई, दोन्ही पाय लांब करून, पायांवर बसवते, खाली वर्तमानपत्राचा तुकडा धरते, आणि तो कागद चुरगळून उकिरड्यावर भिरकावला जातो. चालू लागलेले मूल अंगणाच्या कडेला, गोठ्यामागे किंवा चाळीच्या गटारावर बसते. तेथे पडलेल्या मलावर फार तर मूठभर राख पडते, नाही तर त्याची वासलात कुत्र्या-डुकरांवर सोपवली जाते. शहरातील सुखवस्तू घरात हाच मल डायपरच्या घडीत बंद होऊन कचऱ्याच्या डब्यात पडतो आणि दुसऱ्या दिवशी कचरावेचक बाईच्या हाती लागतो. रीत निरनिराळी, निष्पत्ती एकच, की घरातील ज्या माणसाचा मल सर्वांत जपून हाताळावयास हवा, त्याचाच मल तेवढा संडासाबाहेर राहतो.

सरकारी व्याख्येला हे मान्य नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, आणि पुढील वर्षी केंद्र शासनाने ‘हागणदारीमुक्त’ या संज्ञेचा जो अर्थ मुक्रर केला, त्याचा आशय असा आहे की मलातून मुखाकडे होणारा रोगाचा प्रवास थांबला पाहिजे. आणि तो थांबल्याच्या खुणा दोन, एक म्हणजे गावाच्या परिसरात मल कोठेही दृष्टीस पडू नये, आणि दुसरी म्हणजे प्रत्येक घराने व प्रत्येक सार्वजनिक संस्थेने मलाच्या विल्हेवाटीसाठी सुरक्षित तंत्राचा अवलंब करावा. या व्याख्येत वयाची अट नाही. अंगणाच्या कोपऱ्यात पडलेला दोन वर्षांच्या मुलाचा मल हा तिच्या दृष्टीने तितकाच अपराधी आहे, जितका पाणंदीत बसलेल्या जाणत्या माणसाचा. प्रत्यक्षात मात्र देशाचा हिशेब फार निराळा दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ सालच्या फेरीत सुमारे २१ टक्के लहान मुलांच्या मलाची विल्हेवाट सुरक्षितपणे होत असल्याचे आढळले होते. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास आले. दहा वर्षांत सुधारणा झाली खरी, पण तिच्यानंतरही दर तीन मुलांमागे सुमारे दोघांचा मल उघड्यावर, गटारात किंवा कचऱ्यात जात होता.

मुलाचा मल निरुपद्रवी आहे, ही समजूत आली कोठून, याचा थोडा विचार केला पाहिजे. तिचे एक मूळ इंद्रियांच्या साक्षीत आहे. केवळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्याच्या मलाला फारशी दुर्गंधी नसते, त्याचे परिमाण अल्प असते, आणि जे नाकाला खुपत नाही ते शरीरालाही बाधत नाही, असा निष्कर्ष मनुष्य सहज काढतो. दुसरे मूळ आपल्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांत आहे. ज्या घरांत सोवळ्याओवळ्याचा कडक अंमल होता, त्या घरांतही लहान मुलाला त्यातून सूट होती. मुंज होईपर्यंत मुलाला विधिनिषेधाचे बंधन नाही, त्याच्या स्पर्शाने विटाळ होत नाही, हा शिरस्ता होता, आणि त्यामागे ममतेचे व व्यवहाराचे शहाणपणही होते, कारण रांगत्या मुलाला सोवळे पाळावयास लावणे कोणालाच शक्य नव्हते. परंतु धर्मशास्त्रातील अशौच आणि आरोग्यशास्त्रातील दूषितता या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा निवाडा माणसाच्या अधिकारावरून होतो, तर दुसरीचा सूक्ष्म जंतूंच्या संख्येवरून, आणि जंतूंना माणसाचे वय, जात किंवा संस्कार यांची ओळख नसते. एका क्षेत्रात दिलेली सूट आपण नकळत दुसऱ्या क्षेत्रातही चालू ठेवली, आणि तिची किंमत पिढ्यान्‌पिढ्या आपली मुलेच देत आली.

आरोग्यशास्त्राचा निर्णय तर या समजुतीच्या नेमका उलट आहे. ज्याची रोगप्रतिकारशक्ती अद्याप घडत आहे, जो हाती येईल ती वस्तू तोंडात घालतो, त्या जिवाच्या आतड्यात रोगजंतूंचा शिरकाव मोठ्या माणसापेक्षा अधिक वेळा होतो, आणि म्हणून त्याच्या मलातून ते अधिक प्रमाणात बाहेरही पडतात. रोटाव्हायरस या विषाणूचे उदाहरण घ्यावे. बालकांच्या तीव्र अतिसाराचे हे एक प्रमुख कारण. त्यावरील लस नसताना पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होऊन जात असे. या रोगाने आजारी असलेल्या मुलाच्या एक ग्रॅम मलात अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडण्यास त्यांतील शंभराहूनही कमी पुरेसे होतात. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून या विषाणूवरील लस टप्प्याटप्प्याने आली, ही मोठीच कमाई होय; परंतु लस एका विषाणूचा बंदोबस्त करते, हगवण, विषमज्वर आणि पटकी यांच्या जंतूंना मोकळी राहिलेली वाट तिने बंद होत नाही.

त्याहून अधिक बोधप्रद गोष्ट काविळीची आहे. दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या काविळीचा जो हिपॅटायटिस-अ नामक विषाणू, त्याची लागण लहान मुलांना झाली तर बहुधा डोळे पिवळे होत नाहीत, ताप नाममात्र येतो, आणि मूल हसत-खेळत असतानाच त्याच्या मलातून विषाणू बाहेर पडत राहतो. तोच विषाणू घरातील तरुण माणसाला गाठतो तेव्हा मात्र त्याला कित्येक आठवडे अंथरुणावर पाडतो. रोगाचे वाहक आणि रोगाचे भक्ष्य एकाच घरात राहतात, आणि दोघांमधील संबंध कोणाच्याही ध्यानात येत नाही. पोलिओचीही तीच कथा. त्या विषाणूची बाधा झालेल्या साधारण दोनशे मुलांमागे एखाद्यालाच पांगळेपण येई. उरलेली मुले धडधाकट दिसत आणि त्यांच्या मलावाटे तो विषाणू कित्येक आठवडे वस्तीत फिरत राही. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या प्रदेशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. निरोगी दिसणाऱ्या मुलाचा मल निर्धोक असतोच असे नाही, हे या रोगाने शिकवले. ते पोलिओबरोबर विसरून जाण्याचे कारण नाही.

विषाणू आणि जीवाणू ही झाली एक बाजू. जंतांची बाजू आणखी निराळी, आणि आपल्या अंगणाशी तिचा संबंध अधिक निकटचा आहे. गोल जंताची मादी मुलाच्या आतड्यात राहून दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी मलाबरोबर बाहेर पडतात त्या घटकेला बाधक नसतात. दमट, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे गेल्यावर त्यांच्यात अळी तयार होते, आणि मग ती कोणाच्याही नखातून, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून किंवा मुलाच्या मातीने भरलेल्या मुठीतून पोटात गेली की चक्र पुन्हा सुरू होते. अनुकूल मातीत ही अंडी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. म्हणजे मल पावसाने वाहून गेला, उन्हाने वाळला, कोंबड्यांनी विसकटला, आणि अंगण पुन्हा सारवून स्वच्छ दिसू लागले, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने धोक्याचे झालेले असते. २०१५ पासून देशभर जंतनाशक दिन पाळला जातो, अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी दिली जाते, आणि ती अवश्य घ्यावी. तथापि गोळीचा अंमल पोटापुरता असतो, मातीवर तो चालत नाही, आणि त्या मातीत खेळणारे मूल काही महिन्यांत पुन्हा जंतांचे यजमान होते.

मातीखेरीज दुसरा वाहक माशी. तिच्याविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. पण तिची एक जात अशी आहे की जी शौचकूपात वाढत नाही, उघड्या जमिनीवर पडलेल्या मानवी मलातच अंडी घालणे पसंत करते, आणि डोळ्यांतील स्रावावर येऊन बसते. खुपऱ्यांचा रोग, ज्याने एके काळी आपल्याकडील कित्येकांची दृष्टी नेली, त्याच्या प्रसारात या माशीचा वाटा होता. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. औषधांबरोबरच मुखमार्जन आणि परिसराची स्वच्छता हे या रोगावरील उपायांचे मान्य अंग आहे. म्हणजे अंगणातला मल उचलल्याने पोटच नव्हे, डोळेही राखले जातात.

आता कोणी म्हणेल की एवढ्याशा मलाने असा कितीसा फरक पडणार. मोठ्या माणसांसाठी संडास झाले म्हणजे रोगराई आपोआप हटेल. या अपेक्षेची कसोटी ओडिशात पुरी जिल्ह्यातील शंभर गावांत घेतली गेली. निम्म्या गावांत संडास बांधण्याची मोहीम राबवून तेथील संडास असलेल्या घरांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांपर्यंत नेण्यात आले, आणि तरीही, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, त्या गावांतील लहान मुलांच्या अतिसारात किंवा जंतांच्या प्रमाणात अन्य गावांच्या तुलनेने घट दिसली नाही. बांधलेले संडास सर्वांनी वापरले नाहीत, हे तर एक कारण झालेच. परंतु जेथे संडास होता तेथेही लहान मुलांचा मल त्यात पोहोचत नव्हता, ही त्याच भागातील पाहणीतून पुढे आलेली वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. इमला उभा करणे आणि वहिवाट बदलणे ही दोन कामे आहेत, आणि पहिल्याची पावती दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री कीर्तनात त्याच गावाची कानउघाडणी करणाऱ्या गाडगेबाबांचे नाव आपण ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेला दिले. पण या विषयात तंत्राचा आणि श्रमाचा विचार ज्यांनी केला, त्यांची आठवण मानाने कमी होते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे यासाठी उपोषण केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी महात्मा गांधींनीही येरवड्यात अन्न वर्ज्य केले. पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून अप्पासाहेबांनी मलाचे खत करणाऱ्या साध्या, स्वस्त संडासांचे प्रयोग चालवले. मैला उचलण्याचे काम एका जातीच्या माथी मारून बाकीच्या समाजाने स्वच्छ राहावे, हा अन्याय मोडावयाचा तर ज्याचा मल त्याने हाताळावा आणि संडासाची रचना अशी असावी की तो हाताळणे किळसवाणे होऊ नये, ही त्यांची भूमिका होती. देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी हेच सूत्र आयुष्यभर धरले; सुरुवातीस बांधलेले संडास पावसात ढासळले, तेव्हा खचून न जाता त्यांनी रचना बदलली, आणि संडासाला जोडलेल्या गोबरगॅससारख्या संयंत्रांपर्यंत ते काम नेले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. या दोघांच्या कार्याचा मथितार्थ असा की उपदेशाने संडास वापरला जात नाही; तो वापरणाऱ्याच्या अंगाला, सवयीला आणि जमिनीला जुळला तरच वापरला जातो.

नेमके हेच लहान मुलाच्या बाबतीत झालेले नाही. आपले संडास प्रौढ माणसाच्या मापाचे आहेत. भांड्याच्या दोन बाजूंच्या पायठशांतील अंतर तीन वर्षांच्या मुलाला ओलांडवत नाही. मधली खोल, उतरती पोकळी पाहून ते घाबरते. खोली अंधारी, दार जड, कडी उंच, पाण्याची बादली त्याच्या हाताबाहेर. या मुलाला संडासात बसवावयाचे तर कोणा मोठ्या माणसाने त्याला धरून बसले पाहिजे, आणि सकाळच्या घाईत ते माणूस मिळत नाही. त्यात घरोघरी असलेली एक भीती भर घालते, ती ही की मुलांचाही मल खड्ड्यात जाऊ लागला तर खड्डा लवकर भरेल. ही भीती निराधार आहे. ती का, हे समजण्यासाठी दोन खड्ड्यांच्या संडासाची रचना थोडक्यात पाहू.

ग्रामीण भागासाठी शिफारस होते त्या संडासाचे भांडे तीव्र उताराचे असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. भांड्याखालच्या वळणात पाण्याचा पडदा राहतो, म्हणून वास आणि माशी वर येत नाही. भांड्यापासून निघालेली नळी एका लहान कुंडीत येते, आणि तेथून दोन खड्ड्यांपैकी एकाच खड्ड्याकडे वाट मोकळी ठेवलेली असते. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला सुमारे मीटरभर व्यासाचा आणि मीटरहून थोडा अधिक खोलीचा खड्डा पुरतो. त्याच्या भिंतीतील जाळीतून पाणी आणि वायू मातीत मुरतात, घन भाग मागे राहतो. साधारण तीन-चार वर्षांनी पहिला खड्डा भरला की कुंडीतील वाट बदलून दुसरा वापरात घ्यावयाचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला म्हणजे त्यातील मलाचे कोरडे, निर्गंध सोनखत होते, आणि ते घरच्या माणसाला फावड्याने काढून शेतात टाकता येते. विहिरीपासून हे खड्डे साधारण दहा मीटर दूर असावेत. या हिशेबात दोन वर्षांच्या मुलाच्या मलाने पडणारी भर इतकी अल्प आहे की तिची चिंता करण्याचे कारण नाही. खड्डा लवकर भरतो आणि तुंबतो तो त्यात टाकलेल्या चिंध्यांनी, प्लॅस्टिकने, डायपरने, आणि त्यातील उपकारक जंतू मारणाऱ्या फिनेल व ॲसिडच्या मुबलक वापराने.

तेव्हा प्रश्न उरतो तो मुलापासून त्या भांड्यापर्यंतच्या चार पावलांचा, आणि त्याचे उत्तर वयाप्रमाणे वेगळे आहे. पहिल्या सहा महिन्यांत मूल फक्त आईच्या दुधावर असावे, कारण तेच त्याला अतिसारापासून वाचवणारे मोठे संरक्षण. या काळात बाळोती हाच मुख्य विषय. मळलेले बाळोते प्रथम संडासाच्या भांड्यावर धरून, त्यावर तांब्याने पाणी ओतून, मल भांड्यात सोडावा. मग ते स्वतंत्र बादलीत भिजवून साबणाने धुवावे, आणि त्या बादलीतले पहिले पाणीही मोरीत न ओतता संडासातच ओतावे. आड, हातपंप, नदीचा घाट किंवा भांडी घासण्याची जागा या ठिकाणी बाळोती धुऊ नयेत. वाळवण्यास कडक ऊन सर्वोत्तम. पावसाळ्यात ते मिळत नाही तेव्हा ओलसर बाळोते पुन्हा वापरण्यापेक्षा जोड्या अधिक ठेवणे बरे.

मूल बसू लागले, वरचे अन्न खाऊ लागले, म्हणजे मलाचे रूप पालटते, आणि येथे शौचपात्र, ज्याला बाजारात ‘पॉटी’ म्हणतात, ते कामाला येते. आईच्या पायांवर बसण्याची आपली जुनी पद्धत मुलाच्या दृष्टीने उत्तम आहे. ती सोडण्याचे कारण नाही, फक्त खाली कागदाऐवजी हे पात्र ठेवावयाचे. पात्रात आधी थोडे पाणी किंवा राख असली की मल चिकटत नाही, संडासात ओतताना त्रास होत नाही. रिकामे पात्र साबणाने धुऊन उन्हात ठेवावे. कागदच वापरला असेल तर कागद नव्हे, मल तेवढा संडासात जावा. बांगलादेशात ग्रामीण कुटुंबांसाठी चालवलेल्या एका मोठ्या प्रयोगात दोन खड्ड्यांच्या संडासाबरोबर प्रत्येक घराला मुलासाठी शौचपात्र आणि मल उचलण्यासाठी खुरप्यासारखे अवजार दिले गेले होते, आणि तेथे मुलांच्या अतिसारात घट दिसून आली. आपल्याकडे खुरपे, पत्र्याची सुपली, तुटक्या घमेल्याचा तुकडा घरोघरी असतो. त्यांतील एक अवजार याच कामासाठी राखून, खूण करून, संडासाजवळ टांगून ठेवावे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला संडासाची सवय लावताना जबरदस्ती करू नये. आरंभी दार उघडे ठेवावे, दिवा लावावा, मोठ्या माणसाने समोर बसून हात धरावा. पायठशांवर एक भक्कम फळी टाकून अंतर कमी करता येते. ज्या अंगणवाड्यांत लहान भांड्याचे संडास आहेत, तेथे मुले एकमेकांचे पाहून चटकन शिकतात.

ज्यांच्याजवळ संडासच नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर येऊन कोपीत राहणारी कुटुंबे, वीटभट्टीवरील मजूर, रानोमाळ फिरणारे मेंढपाळ यांना शौचपात्राचा उपदेश करणे म्हणजे त्यांची थट्टा होईल. त्यांच्यासाठी साखर कारखान्याने आणि मालकाने तात्पुरत्या संडासांची तजवीज करणे हाच न्याय्य मार्ग. तोपर्यंत पाण्यापासून आणि कोपीपासून दूर हातभर खोल खड्डा घेऊन त्यात मल टाकून वर माती लोटणे, हा दुय्यम असला तरी उघड्यावर टाकण्याहून पुष्कळ बरा उपाय.

या सर्व विवेचनात हात धुण्याचा उल्लेख शेवटी येत असला तरी महत्त्वाने तो शेवटचा नाही. मुलाला धुतल्यावर आईचे, आजीचे किंवा थोरल्या बहिणीचे हात लगेच पिठाला लागतात, भाकरी थापतात, आणि त्याच मुलाला घास भरवतात. पाण्याने खळबळलेला हात दिसावयास स्वच्छ दिसतो. परंतु नखांच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत राहिलेले सूक्ष्म कण काढण्यास साबणच लागतो, आणि तोही दोन्ही हात वीस-एक सेकंद चोळून. मुलाचेही हात धुवावेत, कारण स्वतःचा मल सर्वप्रथम त्याच्याच बोटांना लागलेला असतो.

शहरी वाचकाला हे सारे खेडेगावापुरते आहे असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून डायपरविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. डायपर हा मलाची विल्हेवाट लावीत नाही, तो मलाला केवळ आपल्या घरातून उचलून दुसऱ्याच्या वाट्याला पाठवतो. त्यातील प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारे रासायनिक कण मातीत कुजत नाहीत, आणि त्यात बंद झालेला मल कचरा डेपोवर उघडा पडतो. घनकचऱ्याच्या व्यवस्थापनाचे जे नियम २०१६ साली झाले, त्यांत वापरलेले डायपर हे स्वच्छताविषयक कचऱ्यात गणले असून ते उत्पादकाने दिलेल्या पिशवीत किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचक स्त्रियांनी त्याहून सोपी खूण रूढ केली: जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर तांबडा ठिपका द्यावयाचा, म्हणजे हाताने कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडावे लागत नाही. वर्तमानपत्र आणि शाई यांचा खर्च नगण्य आहे. त्याआधीची पायरी मात्र कोणी सांगत नाही, ती ही की डायपर गुंडाळण्यापूर्वी त्यातील घट्ट मल संडासात झटकून टाकावा. डोक्यावर मैला वाहून नेण्याच्या प्रथेला आपण १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. मग आपल्या मुलाचा मल घडी घालून दुसऱ्या स्त्रीच्या हाती देणे, हे त्या कायद्याच्या शब्दांत बसत नसले तरी त्याच्या हेतूशी कितपत जुळते, याचा विचार सुशिक्षितांनी करावा.

शेवटी हे काम करावयाचे कोणी, या प्रश्नाला भिडले पाहिजे, कारण सारी अडचण तेथेच आहे. येथवर सांगितलेली प्रत्येक कृती, बाळोते भांड्यावर धुणे, पात्र ओतणे, खुरप्याने मल उचलणे, हात धुण्यास पाणी भरून ठेवणे, ही घरातील स्त्रीच्या आधीच ओसंडणाऱ्या दिवसात घातलेली नवी भर आहे, आणि ज्या घरी पाणी डोक्यावरून आणावे लागते तेथे ‘अधिक पाणी वापरा’ हा सल्ला म्हणजे तिला आणखी एक खेप घालण्याचा हुकूम ठरतो. संडास बांधण्याची दरखास्त बहुधा घरातील पुरुषाच्या नावाने होते, बारा हजारांचे अनुदानही कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जमा होते; त्या संडासातील मुलाच्या भागाचा कारभार मात्र एकट्या आईकडे राहतो. म्हणून ग्रामसभेने करावयाच्या गोष्टी थोड्या पण नेमक्या आहेत: पाणी दाराशी आणावे, संडासाच्या अनुदानाबरोबर मूल असलेल्या प्रत्येक घराला एक शौचपात्र आणि एक खुरपे द्यावे, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या गृहभेटीत आईबरोबर बापालाही समोर बसवावे, आणि घरपाहणीच्या नमुन्यात ‘लहान मुलाचा मल कोठे टाकता व कोण टाकते’ असा एक रकाना घालावा. त्या रकान्यात ‘वडील’ हे उत्तर येऊ लागले, की स्त्रीच्या अंगावरचा बोजा कमी होईल आणि मुलाच्या पोटातले जंतही. आणि तसे होण्यास ना नवे तंत्र लागते, ना मोठी रक्कम, फक्त कर्त्या पुरुषाने आपल्याच मुलाचे पात्र उचलण्यात कमीपणा मानू नये, एवढेच लागते.